शिंगाडे सरांनी भूकंप सांगितला नव्हता

कातळवाडीच्या देवळासमोर जो फलक लावायचा आहे, त्यावर 'भूकंपाची आगाऊ सूचना देऊन वाडीचे प्राण वाचवणारे गुरुवर्य कै. बबनराव शिंगाडे' असा मजकूर असावा, असे ग्रामसभेने ठरवले आहे. विरोध करणारा मी एकटा होतो. त्याबद्दल मला काय काय ऐकून घ्यावे लागले ते सारे येथे लिहीत नाही; एवढेच सांगतो की, "वाबळे सर जळत्यात" हे वाक्य माझ्या पाठीमागे नव्हे, तोंडावर उच्चारले गेले, आणि मी ते नाकारले नाही.

मी जळतो. शिंगाडे हयात होते तेव्हा जळत होतो, ते गेल्यावरही त्यात उणेपणा आलेला नाही. परंतु ज्याचा हेवा वाटतो त्याच्याकडे माणूस जितक्या बारकाईने पाहतो, तितके त्याचा एकही भक्त पाहत नाही. भक्तांनी हात जोडले की डोळे मिटतात. माझे डोळे नोकरीची सारी वर्षे उघडे होते. म्हणून या माणसाविषयी साक्ष देण्याचा अधिकार कोणाला असेल तर तो मला आहे, त्यांच्या आठवणींची गोडगोड स्मरणिका काढणाऱ्या मुख्याध्यापकांना नाही आणि सरपंचांना तर मुळीच नाही.

आमची शाळा घोडेगावच्या पश्चिमेला, जिथे सपाटी संपून डोंगर सुरू होतात तिथे. धरणाचे पाणी शाळेच्या मैदानावरून दिसते. मी पेठचा. आमची जमीन पिढ्यान्पिढ्यांची, पुणे-नाशिक रस्त्याला लागून. बी.एस्सी. होऊन मी विज्ञानाचा शिक्षक झालो आणि घोडेगावात खोली घेऊन राहिलो. पुढे शिंगाडे भूगोलाला आले आणि त्यांनी नेमकी माझ्या शेजारची खोली घेतली. ते आणे पठारावरचे, मेंढरांमागे फिरलेल्या घरातले. वडिलांबरोबर लहानपणी कळप घेऊन दूरदूर चाललेले. हे ते लपवत नसत, उलट मिरवत. "आण्याच्या पठारावर माझ्याइतका देखणा मेंढपाळ झाला नाही" हे वाक्य त्यांनी शाळेत रुजू झाल्याच्या पहिल्याच दिवशी स्टाफरूममध्ये म्हटले आणि सगळे हसले. मी हसलो नाही, कारण मला त्यात तथ्य दिसले.

शिंगाडे साधे होते, विनम्र होते, असे स्मरणिकेत छापले आहे. हे धादांत खोटे आहे. त्यांच्यासारखा नटवा माणूस आमच्या तालुक्यात दुसरा नव्हता. खिशात कंगवा, डोळ्यांवर काळा चष्मा, चिखलाच्या दिवसांतही पांढरे बूट. केसांना दर पंधरवड्याला कलप. शाळेत रोज उशिरा येत आणि उशीर झाल्याचे कारण इतके रंगवून सांगत की मुख्याध्यापक रजिस्टर बाजूला ठेवून ऐकत बसत. माझे खडू न विचारता नेत. गावाहून येताना डबाभर आमटी आणत, लालभडक, डोळ्यांतून पाणी काढणारी, आणि ती खाताना सगळे त्यांची स्तुती करत. ती आमटी त्यांच्या आईने केलेली असे, हे कोणाच्या लक्षात येत नसे.

त्यांची एक सवय मात्र प्रथम मला विचित्र वाटली आणि नंतर तिने माझी झोप उडवली. कोणाच्याही घरी गेले की शिंगाडे माणसांकडे पाहत नसत. आधी वर पाहत. आढे, तुळया, माळा, भिंत जिथे छपराला मिळते तो कोपरा. मग बोटाच्या पेराने भिंतीवर टकटक करत. यजमान सतरंजी अंथरून "बसा ना, पावणं" म्हणत उभा, आणि पाहुणा दारात उभा राहून भिंत वाजवतो आहे. शेवटी बसत तेही उंबऱ्याजवळ. "आधी डोक्यावर काय आहे ते बघावं, मग खाली टेकावं," असे म्हणत. ही सवय मेंढरांच्या वाड्यावरची असेल. उघड्यावर वाढलेल्या माणसाला छपराचा विश्वास नसतो. हा माझा तर्क आहे. त्यांनी स्वतः याचे कारण कधी दिले नाही, आणि इतरांनी दिलेली सगळी कारणे बनावट आहेत.

आता धरणाविषयी. हा भाग मी शास्त्रशुद्ध लिहितो, कारण तो माझा विषय आहे.

आमच्या भागात धरण भरले की पुढचे काही आठवडे जमिनीतून अधूनमधून आवाज येतात. दूर कोणी सुरुंग लावावा तसा गडगडाट होतो, भांडी वाजतात, कधी कौल सरकते. कोयनेच्या भूकंपाच्या आठवणीने जुनी माणसे अशा वेळी अंगणात येऊन बसतात. मोठ्या जलाशयाचे ओझे तळाच्या खडकावर पडते, पाणी खोल भेगांत उतरते, तिथला दाब वाढतो, आणि एकमेकींवर घट्ट दाबून बसलेल्या खडकांच्या बाजूंमधली पकड सैल होते. जिथे आधीच ताण साचलेला असेल तिथे त्या सरकतात. पाणी भूकंप निर्माण करत नाही. तयार असलेल्याला ते धक्का देते. आमच्याकडची प्रत्येक गडगड धरणामुळेच होते, असे कोणत्याही तज्ज्ञाने मला सांगितलेले नाही आणि मीही तसे म्हणणार नाही. परंतु पाणी भरणे आणि जमीन गुरगुरणे यांची संगत डोळ्यांसमोर होती, आणि तिचे कारण या परिसरात सर्वप्रथम मी सांगितले. सर्वप्रथम. हे कोणी लिहीत नाही.

ते सांगण्यासाठी मी कातळवाडीच्या देवळात फळा घेऊन गेलो होतो. वाडी धरणाच्या वरच्या अंगाला आहे. भातखाचरे, हिरड्याची झाडे आणि दगडमातीच्या भिंतींची कौलारू घरे. शिंगाडे माझ्याबरोबर आले ते केवळ फिरायला. मी आकृत्या काढल्या, दाब म्हणजे काय ते सांगितले, लोकांनी शांतपणे ऐकले. शेवटी एका म्हाताऱ्याने विचारले, "ते समदं खरं, सर. पण मोठा येनार का न्हाई?" मी म्हणालो की उपलब्ध माहितीवरून घाबरण्याचे कारण दिसत नाही. हे उत्तर आजही मला मान्य आहे.

म्हाताऱ्याने मान हलवली आणि शिंगाड्यांकडे वळून विचारले, "तुमी सांगा, भाऊ."

"मला माहीत नाही," शिंगाडे म्हणाले. "ह्यांनाही नाही. जगात कुनालाच नाही."

आणि मग त्यांनी मला फळ्यापासून ओढून मध्यभागी उभे केले, माझ्या पाठीला आपली पाठ लावली आणि रेटून उभे राहिले. लोकांना म्हणाले, "हे बघा, आमी दोघं दोन खडक. तो पेठचा, मी आण्याचा. दोघंबी हट्टी, म्हनून कुनी हालत न्हाई. वर्सानुवर्सं आसंच हुभं. आता आमच्या मधी पानी शिरलं." असे म्हणून ते पटकन बाजूला झाले. मी मागच्या मागे दोन पावले भेलकांडलो. देऊळ हसण्याने भरून गेले. एक बाई म्हणाली, "आता कळलं बया." माझ्या तासभराच्या आकृत्यांचे सार त्या एका भेलकांडण्यात सगळ्यांना समजले. शास्त्र माझे होते. टाळ्या त्यांना मिळाल्या. चहासुद्धा आधी त्यांच्या हातात गेला.

त्याच दिवशी परतताना आम्ही धोंडाबाईच्या घरी थांबलो. ही वाडीतली जुनी, तोंडाळ बाई. पुढच्या सगळ्या घोटाळ्याचे मूळ तीच आहे, म्हणून तिचे नाव लक्षात ठेवावे. तिने माळ्याखाली घोंगडी अंथरली. शिंगाडे दारातच थांबले आणि वर पाहू लागले. माळ्याच्या फळ्या मधोमध वाकल्या होत्या. वर काय आहे, असे त्यांनी विचारले. जाते आहे, सासूचे, असे धोंडाबाईने सांगितले.

ही आमच्या डोंगरकडेच्या घरांची खास चूक आहे. पिठाची गिरणी आली आणि जाती बिनकामाची झाली. पण जाते फेकून देत नाहीत. त्यावर सासवासुनांनी ओव्या म्हटलेल्या असतात, लग्नात त्याची पूजा झालेली असते. मग मान राखून ते कुठे ठेवायचे? वर, माळ्यावर. पाटा-वरवंटा गेला की तोही वर. जास्तीची कौले, नांगराचे जुने फाळ, रांजण, सगळे वर. आणि त्याच्या बरोबर खाली, ऊब असते म्हणून, घरातली म्हातारी आणि पाळण्यातले मूल. प्रत्येक घराने अत्यंत आदराने एक मोठा धोंडा झोपलेल्या माणसांच्या डोक्यावर नेऊन ठेवलेला होता.

"कवापासनं दळलं न्हाई?" शिंगाड्यांनी वरच्या जात्याकडे बोट करून विचारले.

"गिरन आली तवापासनं."

"मग म्हातारीला वर कशाला निजवली? गुडघं दुखत असतील तिचं. खाली आना. दारात बसू द्या, येनारंजानारं बघंल."

धोंडाबाई आधी रागावली, मग हसली. दुसऱ्या दिवशी तिने जाते खाली उतरवले. मी हेच सांगितले असते तर गुरुत्वमध्य, भार, आघात हे शब्द वापरले असते आणि जाते अद्याप वरच असते, असे माझी पत्नी म्हणते. माझी पत्नी या प्रकरणात निःपक्षपाती नाही. शिंगाडे एकदा पेठला आमच्याकडे जेवायला आले आणि नेहमीप्रमाणे वर पाहत उभे राहिले. तिसऱ्या दिवशी मी घरी गेलो तर आमच्या माळ्यावरची लोखंडी पेटी, माझ्या वडिलांची, पडवीत येऊन पडलेली. पेठला जमीन कधी गुरगुरल्याचे मला माहीत नाही. धरण कुठे, आम्ही कुठे. मी जाब विचारला. ती म्हणाली, "शिंगाडे भाऊजी म्हणाले." लग्नानंतर इतक्या वर्षांत माझ्या म्हणण्यावरून त्या घरातला पाटसुद्धा जागचा हलला नव्हता.

पुढच्या पावसाळ्यात जलपूजनाचा वाद झाला. धरण पूर्ण भरले की पुढारी येतात, साडी-चोळी आणि नारळ देऊन पाण्याची ओटी भरतात. कातळवाडीच्या बायका ओटी घेऊन जातात. त्या वर्षी बायकांनी जायला नकार दिला. त्यांचे म्हणणे असे की दरवर्षी ओटी भरली की मागोमाग जमीन गुरगुरते. तेव्हा ओटी भरणे नदीला आवडत नसावे, किंवा ओटीत काही चुकत असावे. सरपंच हवालदिल झाले. मी वाडीत जाऊन ही शुद्ध अंधश्रद्धा असल्याचे ठणकावून सांगितले. बायकांनी पदर सावरले आणि माझ्यासमोरून उठून गेल्या.

शिंगाडे संध्याकाळी त्या बायकांकडे गेले. मीही गेलो होतो, त्यामुळे काय घडले ते मी कानांनी ऐकले आहे; इतरांनी सांगितलेली चमत्काराची कहाणी कृपया कोणी खरी मानू नये. ते बायकांना म्हणाले की तुमचे पाहणे अगदी बरोबर आहे. आधी ओटी, मग गुरगुर. फक्त ओटीच्या आधी काय होते तेही पाहा. आधी पाणी भरते. पाणी भरते म्हणून ओटी भरता आणि पाणी भरते म्हणून जमीन हलते. ओटीचा दोष नाही. ओटी म्हणजे घंटा. "घंटा वाजली की शाळेत पोरं काय करत्यात? दप्तर आवरत्यात. तुमी ओटी भरून आला की माळं आवरा."

तेव्हापासून कातळवाडीत 'जातं उतरवायचा दिवस' सुरू झाला. सकाळी धरणावर ओटी, दुपारी घरोघरी माळ्यावरचे दगड, कौले, लोखंड खाली. जाते धुऊन, हळदकुंकू लावून दाराशी मांडायचे. सरपण भिजेल, जागा पुरणार नाही अशा कुरबुरी झाल्या; शिंगाडे घरोघर जाऊन कोपरे दाखवत, रांजणाला हात लावत, पांढरे बूट शेणात बुडवत फिरले. पुढे आढ्याखालची दगडमातीची जड त्रिकोणी भिंतही काही घरांनी उतरवून तिथे हलक्या फळ्या ठोकल्या. काही वर्षांतच वाडीतली तरुण पोरे सांगू लागली की हा सण पूर्वापार आहे. पूर्वापार नाही. आण्याच्या एका नटव्या माणसाने माझ्या डोळ्यांदेखत तो सुरू केला.

मग तो मोठा धक्का.

त्या रविवारी मी पेठला गेलो नव्हतो. दसरा होऊन गेला होता, सहामाहीच्या उत्तरपत्रिका तपासायच्या होत्या. दाढी करायला मी घोडेगावातल्या दत्तूच्या सलूनमध्ये गेलो, तर खुर्चीत शिंगाडे. गळ्याला फडके, डोक्याच्या उजव्या बाजूला कलप लागलेला, डावी बाजू पांढरी. आरशात स्वतःकडे पाहत ते दत्तूला भांगाविषयी सूचना देत होते. तेवढ्यात बाटल्या वाजू लागल्या. मग आरसा हलला. शिंगाड्यांनी आधी वर पाहिले, हे मी पाहिले. मग माझा दंड धरून मला रस्त्यावर ओढले. मला ओढण्याची गरज नव्हती. मी उठतच होतो.

धक्का थांबताच त्यांनी दत्तूची मोटारसायकल मागून घेतली आणि मला मागे बसवून वाडीकडे निघाले. गळ्यातले फडके तसेच उडत होते. आम्ही पोचलो तेव्हा माणसे खाचरांतून, कापलेला भात टाकून, घरांकडे धावत येत होती. भिंतींना चिरा गेल्या होत्या, कौले सांडली होती. धोंडाबाईच्या घराची त्रिकोणी भिंत उतरवायची राहिली होती. ती आत कोसळली होती. आत धोंडाबाई आणि तिचा पाळण्यातला नातू.

तिची सून सखूबाई अंगणात उभी होती. ती दाराकडे हात करत होती. चार माणसांनी दार सारले. भिंतीचे दगड माळ्यावर पडले होते. फळ्या आणखी वाकल्या होत्या, पण तुटल्या नव्हत्या. त्यांच्यावर आधीचे ओझे नव्हते. जाते बाहेर दाराशी, हळदकुंकवासकट, जागच्या जागी बसलेले. धोंडाबाई नातवाला छातीशी धरून धुळीतून बाहेर आली, पिठात लोळल्यासारखी. तिने शिंगाड्यांकडे पाहिले आणि पहिले वाक्य उच्चारले ते असे: "सर, तुमच्या डोस्क्याला काय झालं?"

वाडीत कोणी दगावले नाही.

आता पाहा, माणसे सत्याचे काय करतात. वर्षभरात धोंडाबाई सांगू लागली की सर धक्क्याच्या आधी आले होते. "म्हातारे, आज आत निजू नगंस" असे बजावून गेले होते. मग आत काय करत होतीस, असे मी विचारले, तर म्हणाली की आपण ऐकले नाही म्हणून तर भिंत पडली. अर्धा कलप सगळ्यांच्याच लक्षात होता. भक्तांनी तोही आपल्या कामाला लावला: सरांना सलूनमध्ये बसल्या बसल्या कळले, कलप अर्धा टाकून ते सांगायला धावले. मी म्हणतो, कलप अर्धा राहिला तो धक्का बसला म्हणून. धक्का आधी, शिंगाडे मागून. हे न्यायालयात टिकेल. दत्तू आता चाकणला मुलाकडे असतो, त्याला साक्षीला आणतो असे मी ग्रामसभेत म्हणालो, तेव्हा आमचे तरुण सरपंच म्हणाले, "सर, फलक हाय वो, पेपर न्हाई तपासायचा."

शिंगाडे स्वतः या कहाणीशी झगडले, हे मान्य केले पाहिजे. एवढा मिरवणारा माणूस. आपल्या बुटांची, आवाजाची, रूपाची स्तुती स्वतःच करणारा. ही आयती चालून आलेली थोरवी मात्र त्यांनी अंगाला लावून घेतली नाही. कोणी विषय काढला की तोंड वाकडे करत. "मला माहीत नव्हतं," एवढेच म्हणत. आणि लोक एकमेकांकडे पाहून मान डोलावत, जणू काही तेही त्यांच्या थोरवीचेच लक्षण.

माझ्या हेव्याचे खरे ठिकाण ते आहे. बूट नव्हेत, टाळ्याही नव्हेत. वर्गात, घरात, ग्रामसभेत मी आयुष्यभर उत्तरे दिली, आणि बहुतेक बरोबर दिली. तरी माझे बरोबर उत्तर घेऊन कोणी घरी गेले नाही. हा माणूस 'माहीत नाही' म्हणत असे आणि लोक त्याच्या शब्दावर शंभर वर्षांचे जाते जागचे हलवत.

फलकाचा मजकूर मला खटकतो तो यामुळे, आणि शिवाय आणखी एका कारणाने. शिंगाडे गेले त्यानंतरच्या पावसाळ्यात मी वाडीत गेलो. धरण भरले होते, ओटी भरून झाली होती. एकाही दाराशी जाते नव्हते. धोंडाबाई तोवर वारली होती. घर सखूबाईच्या हाती. मी विचारले, तर ती शांतपणे म्हणाली, "सर गेलं. आता उतरवून काय उपेग? त्यांना कळायचं म्हनून उतरवायचो."

तेव्हा माझ्या लक्षात आले की आमच्या भांडणात पणाला काय लागले आहे. त्यांना कळत होते असे एकदा दगडावर कोरले की जाते उतरवण्याची गरज संपली. दुसरा कळणारा येईपर्यंत वाट पाहायची. त्यांना कळत नव्हते, आणि कळत नव्हते म्हणूनच दरवर्षी माळा मोकळा करायचा, हे कोरले तर तो पाळणा पुन्हा एकदा वाचेल. मी ग्रामसभेत हे असेच्या असे मांडले. सखूबाई उठून म्हणाली, "सर हुतं तवाबी तुमी त्येंच्या पायात पाय घालायचा." टाळ्या पडल्या. ठराव झाला.

ठराव होवो. यंदा जलपूजनाच्या दुपारी मी काठी टेकत वाडीत गेलो आणि प्रत्येक दारात उभा राहून बोललो. "आलं बाबा पुन्हा," असे एका घरातून कुरकुरलेले मी स्पष्ट ऐकले. मी दाब समजावला, भार समजावला, नातवंडांच्या जागा दाखवल्या, संध्याकाळ होईपर्यंत हललो नाही. शेवटी माझी कटकट थांबावी म्हणून काही घरांनी जाती खाली आणली. हळदकुंकू लावले नाही. चहा विचारला नाही. शिंगाड्यांच्या एका शब्दावर जे होत असे ते माझ्या दिवसभराच्या भुणभुणीने अर्धेमुर्धे झाले. पुढच्या वर्षी पुन्हा जाईन.

शिंगाड्यांना मी शेवटचे पाहिले ते नारायणगावी, त्यांच्या मुलाच्या घरी, पडवीतल्या कॉटवर. दुपारची वेळ होती. श्वास पुरत नव्हता, त्यामुळे वाक्ये तुकड्यातुकड्याने येत. मी पोचलो तेव्हा सखूबाई आधीच येऊन बसलेली. कातळवाडीहून दोन एसट्या बदलून, नव्या तांदळाची पिशवी घेऊन. मी कधी आजारी पडलो तर वाडीतून कोणी तांदूळ घेऊन पेठला येईल, असे मला वाटत नाही.

"सर, बिगीनं बरं व्हा," ती म्हणत होती. "तुमच्याबिगर आमाला कोन सांगनार, कवा हालनार ते?"

"मी कवा सांगितलं गं, सखू?"

"आता लपवू नगा," ती हसून म्हणाली. "आमच्या सासूबाईंनी समदं सांगितलंय."

शिंगाडे कोपरावर उठू लागले. त्यांना काही मोठे बोलायचे होते. तोंड उघडले आणि खोकला आला. तो ओसरेपर्यंत त्यांचा सगळा दम संपला होता. उशीवर टेकून त्यांनी माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत विनवणी होती असे त्यांचा मुलगा सांगतो. मला ती हुकूम वाटली.

"वाबळे सर, सांगा हिला."

मी सांगितले. सरांना माहीत नव्हते. कधीच नव्हते. माळा मोकळा होता म्हणून फळ्या टिकल्या, बाकी काही नाही. माझा आवाज नेहमीप्रमाणे चढला होता. आतून त्यांची सून बाहेर येऊन पाहून गेली.

"ऐकलंस?" शिंगाडे म्हणाले. "बरोबर हाय ते. ह्या मानसाचं शास्त्र कधी चुकत न्हाई."

त्यांनी माझ्या शास्त्राला साक्षीदारासमोर दिलेली ही एकुलती एक पावती. मी सखूबाईकडे पाहिले, तिने ती ऐकली याची खात्री करण्यासाठी. ती माझ्याकडेच पाहत होती, डोळ्यांत पाणी आणि राग दोन्ही घेऊन. आजारी माणसाच्या उशाशी त्याचे मोठेपण हिरावून घ्यायला आलेल्याकडे पाहावे तशी. मग तिने माझ्याकडे पाठ केली, त्यांच्या पायांवरून सरकलेली शाल वर ओढली आणि कडेने नीट खोचून दिली.